तिसरी तार

घरापासून शेडपर्यंत एकवीस पावलं.
मधे कढीपत्ता, दोन तगरी, एक वांझ पेरू,
आणि कुंपणाला सुतळीने बांधत नेलेली
दोन तारांची काळी केबल.
ह्यांनीच ओढली होती, ज्या वर्षी मी नोकरी सोडून
मखमलाबादच्या ह्या परसात
पत्र्याखाली ओव्हरलॉक मशीन टाकलं.
दुकानदार म्हणाला होता, तीन तारांची घ्या.
हे म्हणाले, दोनवर दिवा लागतो ना?

दिवा लागत होता.
मशीनही चालत होतं.
फक्त इस्त्रीच्या टेबलाची लोखंडी कड
कोपराला लागली की मुंग्या यायच्या,
आणि फरशी पुसलेल्या दिवशी
त्या मुंग्यांना दात फुटायचे.
मी सांगितलं.
हे म्हणाले, चपला घालून काम करत जा.

चार वर्षं घातल्या.
झुलेखालाही घेऊन दिल्या, शालिमारवरून,
निळ्या, रबरी, एक नंबर मोठ्या.
नव्या मुलीला आधी चपला दाखवायचे, मग टाके.

डिसेंबरात, शाळेच्या गॅदरिंगचे सत्तर झगे अंगावर असताना,
झुलेखा पाय धुऊन तशीच अनवाणी आली
आणि तिने दार ओढून घेतलं.
दार पत्र्याचं.
ओरडली नाही. ओरडता आलं नाही.
मी कापड मोजायच्या लाकडी पट्टीने
मेन स्विच पाडला.
नंतर कितीतरी वेळ तिचा हात
कडीच्या आकारातच मिटलेला होता.

त्या रात्री चपलांचा विषय निघाला नाही.

निवृत्ती गांगुर्डे सातपूरहून आले, स्कूटरला पहार बांधून.
केबल बघितली. ह्यांच्याकडे बघितलं. परत केबल.
"तिसरी कुठंय?"
हे पेरूची पानं मोजत होते बहुतेक.

हातभर काळी माती, मग मुरूम,
मग कमरेइतक्या खोलीवर तो आपला काळा दगड,
पहारीला ठिणगी देणारा.
जागा बदलली.
तगरीच्या अंगाला, धुण्याचं पाणी जिरतं तिथे
जमीन ऐकू लागली.
आठ फूट. आत एक नळी उभी, अंगभर भोकं पाडलेली.
भोवती थर कोळशाचा, थर खड्या मिठाचा,
परत कोळसा, परत मीठ.
लोणच्याची बरणी भरावी तसं, मी म्हटलं.
आयुष्यात लोणचं न घातलेले हे
वाकून मीठ पसरत होते.

"वीज आळशी असते, वहिनी," गांगुर्डे म्हणाले,
"सोपी वाट दिसली की तीच धरते.
आपण तिला माणसापेक्षा सोपी वाट काढून द्यायची,
एवढंच आपलं काम."
मग नवी केबल, हिरव्या तारेसकट,
आणि भिंतीवर एक पांढरी डबी:
महिन्यातून एकदा बटण दाबायचं, ती पडली पाहिजे.
नाही पडली तर मला फोन.
आणि शंका आलीच तर हाताची पाठ लावायची,
तळवा नाही. तळवा धरून बसतो.

मीटरवर तीन ओहम. "झकास."
बिलात शेवटची ओळ, घाईच्या अक्षरात:
अर्थ, एक नग, बेचाळीसशे.
ह्यांनी ती दोनदा वाचली.
घासाघीस केली नाही.

आता वैशाख. माती तडकते, ओल खाली पळते.
हे सकाळी कढीपत्त्याला पाणी घालतात, तगरींना घालतात,
मग बादली घेऊन त्या नळीपाशी जातात
आणि सावकाश ओततात, आतून डुबुक आवाज येईपर्यंत.
शेजारचा कौस्तुभ कुंपणावरून विचारतो,
आजोबा, तिथे काय लावलंय?
हे म्हणतात, उगवत नाही रे ते.

झुलेखा अकरा दिवसांनी परत आली.
अजून दाराला आधी हाताची पाठ लावते.
मग तळवा.
मग आत.

निळ्या चपला ती बाहेर काढते हल्ली.
मी घालते.
ह्यांना ते दिसतं.